गच्चीवरचे गाव, पाण्याखालचे गाव

'गच्ची' हा शब्द आपण इतका घरचा समजतो की तो बाहेरून आला असेल, अशी शंकाही मनात येत नाही. फारसीत 'गच' म्हणजे चुन्याचा, जिप्समचा गिलावा. त्या गिलाव्याने घोटून पाणी जिरणार नाही असे केलेले सपाट छत, ती गच्ची. 'चुनेगच्ची वाडा' म्हणताना आपण एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतो. 'बाग', 'बगीचा', 'गुलाब' हेही त्याच वाटेने मराठीत आले आणि 'हौद' हा अरबी 'हौज़'चा इथला अवतार. गंमत अशी की उर्दूत बाग पुल्लिंगी आहे आणि मराठीत ती स्त्रीलिंगी झाली. आमच्याकडच्या घरांत दोन्ही रूपे एकाच तोंडून निघतात. दखनीत 'बाग लगाया' म्हणणारी आजी शेजारणीशी बोलताना 'बाग लावली' म्हणते आणि त्यात तिला काही अडचण वाटत नाही.

पुण्यात गेल्या काही वर्षांत गच्चीवर नुसती बाग नव्हे, तर खेडे उभारण्याची हौस वाढली आहे. सुंभाने विणलेली बाज, कंदील, बैलगाडीचे चाक, शेणाने सारवल्यासारखा दिसणारा कट्टा, कोपऱ्यात जाते किंवा उखळ, आणि भोवती अळू, मायाळू, गवती चहा, कढीपत्ता, मांडवावर चढवलेला दोडक्याचा वेल. ही सामग्री बरेचदा बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून येते. तिथे ती विकणाऱ्यांत आपले लोक पुष्कळ आहेत. जाते कुठल्या गावातून आले हे विकणाऱ्याला ठाऊक नसते, घेणारा विचारत नाही. दळायचे जाते गच्चीवर चहाचा कप ठेवायची बैठक होते. या हौसेला आम्ही नावे ठेवत नाही. मात्र ती बाग ज्या नळाच्या पाण्यावर जगते, ते खडकवासल्याहून येते आणि खडकवासल्यात ते मुख्यतः वरच्या पानशेत आणि वरसगावच्या धरणांतून उतरते. त्या पाण्याच्या तळाशी खरी गावे आहेत. गच्चीवरचे गाव आणि पाण्याखालचे गाव यांचा हा संबंध बागकामाच्या पुस्तकांत येत नाही, म्हणून इथे थोडा इतिहास मांडतो.

हरवलेली भूमी दुसऱ्या मातीत पुन्हा उभी करण्याची ओढ जुनी आहे. बाबर आग्र्याला पोचला तेव्हा त्याची मोठी तक्रार होती ती इथे वाहत्या पाण्याच्या बागा नसल्याची. त्याने यमुनेच्या काठी रहाटाने पाणी उचलून पाट काढले, चौकोनी वाफे पाडले आणि फरगाना-काबूलची आठवण आग्र्याच्या धुळीत रुजवली. काबुली खरबूज कापताना आपल्याला रडू आले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बादशहालाही घरच्या फळाने रडवले, तर कोकणातून, मावळातून, मराठवाड्यातून पुण्यात येऊन दोन खोल्यांत संसार मांडलेल्या माणसाला आळवाच्या पानाने गहिवरून आले तर नवल ते काय?

पण बागेला आठवण पुरत नाही, पाणी लागते, आणि दख्खनमध्ये ते आपोआप मिळत नाही. म्हणून इथल्या बागांचा इतिहास हा खरे तर पाणी आणण्याचा इतिहास आहे. अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) फराहबाग १५८३ च्या सुमारास पुरी झाली. निजामशाहीच्या त्या अष्टकोनी महालाभोवती तलाव होता आणि तो भरायला दुरून पाणी आणावे लागे. हबशी गुलाम म्हणून या देशात आलेल्या मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि तिच्यासाठी जमिनीखालून नहर काढली. पुढे हेच गाव औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. तिथली पाणचक्की अठराव्या शतकातली. डोंगरातले पाणी खापरी नळांतून येऊन तिथल्या मोठ्या हौदात पडते, आणि त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली उन्हाळ्यातही गार सावली. छतावर ओल धरली की खालचे घर थंड राहते, हे दाखवायला आज व्याख्याने होतात. पाणचक्कीच्या कारागिरांनी ते दगडचुन्यात करून ठेवले होते. मुंबईत मलबार हिलवर १८८० च्या दशकात झालेली हँगिंग गार्डनही अशीच, जलाशयाच्या छतावर पसरलेली. वर फिरणाऱ्या लोकांना आपण छतावर आहोत हे कळतही नाही.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले गेले. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे पुढच्या, सवाई माधवरावांच्या काळातल्या ऐश्वर्याची खूण. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, रमणबाग, मोतीबाग, विश्रामबाग ही नावे पाहा. शहराच्या निम्म्या पत्त्यांत बाग आहे आणि बहुतेक ठिकाणी झाड शोधावे लागते. तुळशीबागेत आज भांडी आणि बांगड्या मिळतात. बागा गेल्या, नावे राहिली. हिरवळीची भूक मात्र गेली नाही, ती पुढे गच्चीवर चढली. पण तिथवर पोचण्याआधी पानशेतला गेले पाहिजे.

पानशेत पुण्याच्या नैर्ऋत्येला, चाळीसएक किलोमीटरवर, वेल्हे तालुक्यात. या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. तोरणा आणि राजगड हे किल्ले याच मुलखातले. इथे आंबी नदी वाहते, ती पुढे मुठेला मिळते. पाऊस दणकून पडतो, पण जमीन उताराची. नदीकाठच्या सपाट पट्ट्यात भाताची खाचरे, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. घरांची छपरे उतरती, गवताची किंवा कौलांची. या गावांत वेगळी गच्ची नव्हती आणि लागतही नव्हती, कारण छपर स्वतःच बाग होई. पावसाच्या तोंडाला परसात भोपळ्याच्या, दोडक्याच्या, काकडीच्या बिया टोचायच्या, वेल गोठ्यावर सोडायचा आणि भादव्यात छपरावरून भाजी उतरवायची. सांडपाणी अळवाला, चुलीची राख वेलाला, शेण उकिरड्याला आणि उकिरडा शेताला. वाया जाईल असे काही उरतच नसे. आज ज्याला आपण मोठ्या कौतुकाने गच्चीवरची परसबाग म्हणतो, तिचा हा मूळ नमुना.

धरणाचे पाणी आधी बुडवते ते नदीकाठची सपाट जमीन. म्हणजे खाचरे गेली, उतार राहिले. माणसाचे घर वर सरकवता येते, खाचर सरकवता येत नाही. पानशेतचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले तेव्हा विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात नव्हता. तो आला १९७६ साली. तोवर जे मिळाले ते सरकारच्या मर्जीचे. काही कुटुंबे दूरच्या वसाहतींत गेली, काही पाण्याच्या रेषेच्या वर सरकून तिथेच राहिली. ज्यांची जमीन सातबाऱ्यावर होती त्यांचे निदान कागद झाले. जुन्या गावगाड्यात बलुत्यावर जगणारेही असत. बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाणा येतो, तसे सुतार, कुंभार, न्हावी. गाव फुटले की बलुते फुटते. खळ्यावरच्या त्या वाट्याची भरपाई कुठल्या रकान्यात मांडायची? धरणांच्या इतिहासात या प्रश्नाला फारशी जागा मिळालेली नाही.

१२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकर विसरत नाहीत. धरण पुरे व्हायचे होते, मात्र त्या पावसाळ्यात पाणी साठवण्याची घाई झाली. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला आणि १८७९ सालापासून उभे असलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. लकडी पूल बुडाला, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, डेक्कन जिमखान्यावर शिरले. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. चौकशी आयोगाचे काम पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले आणि अपघाताची मीमांसा त्यांच्या अहवालात झाली.

आमच्या विषयाला त्या दिवसातल्या दोन गोष्टी लागू पडतात. एक म्हणजे, मातीच्या भिंतींचे जुने वाडे पाण्याने फुगले आणि पूर ओसरताना व नंतरही ढासळत राहिले. दुसरी, ज्या पुराने शहर बुडवले त्यानेच शहराचे पिण्याचे पाणीही नेले. खडकवासला रिकामे झाले, नळ कोरडे पडले, आणि लोकांना आड-विहिरी आठवल्या. धरणावर विसंबून जे बुजवायला काढले होते, ते पुन्हा उपसावे लागले.

पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवले गेले. गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वाढल्या, पूरग्रस्तांच्या सहकारी गृहसंस्था झाल्या. शहर नदीपासून लांब सरकले आणि बांधकामाची रीत बदलली. केवळ पुरामुळे ती बदलली असे आम्ही म्हणणार नाही. सिमेंट, जागेचे भाव, नोकरीसाठी येणारी माणसे ही कारणेही होतीच. तरी मातीच्या भिंतीवरचा पुणेकरांचा विश्वास उडवला तो पानशेतने. कौले गेली, स्लॅब आला, आणि स्लॅबबरोबर गच्ची. पानशेतचे धरण पुन्हा बांधून १९७२ च्या सुमारास पुरे झाले. त्याला तानाजीसागर नाव मिळाले. शहराला सपाट छपरेही मिळाली आणि त्यावर शिंपडायला पाणीही.

इथे बागवानांबद्दल लिहिले नाही तर आमच्या वाचकांना चुकल्यासारखे वाटेल. बागवान म्हणजे बाग राखणारा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत त्यांची नोंद आहे ती इथल्याच शेतकरी जातींतून मुसलमान झालेले, फळे-भाजी विकणारे म्हणून. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या मंडईत बागवानाचा गाळा असतो. पुण्यात १८८६ साली उघडलेल्या मंडईत, जिला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, तिथेही ही नावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. धंद्याने त्यांचा बागेशी संबंध ठेवला, पण हातातली जमीन बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांच्या काळातच सुटली. आडनावात बाग आणि दारात झाड नाही, अशी स्थिती. पेठांतले आणि कॅम्पातले मोहल्ले दाटले तसे गेल्या तीन-चार दशकांत आपले पुष्कळ लोक कोंढव्याला गेले. तिथल्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर आम्ही काही चांगल्या बागा पाहिल्या. एका चाचांनी पुदिना, मेथी, लिंबू आणि दोन डाळिंबे ड्रममध्ये वाढवली आहेत. आयुष्य भाजीच्या गाळ्यावर गेले, लावायला आता सुरुवात केली. आमच्यातला एकजण पाण्याची झारी उचलायला गेला, तेव्हा ते म्हणाले, "अरे बेटा, वरची माती पांढरी दिसली म्हणून लगेच ओतू नको. बोट घालून बघ, खाली ओल आहे." नंतर खालच्या रस्त्यावरचा टँकर दाखवून म्हणाले, "हे पाणी विकतचं आहे." कोंढव्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर ही रोजची गोष्ट आहे.

खेड्याची बाग गच्चीवर जशीच्या तशी उचलून ठेवता येत नाही, याचे पहिले कारण वजन. ओली माती घनमीटरला सोळाशे-अठराशे किलो भरते. फूटभर जाडीचा थर पसरला की दर चौरस मीटरवर पाचशे किलोंच्या आसपास भार येतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडचे मानक साधारण दीडशे किलोंचा चल भार धरते. म्हणजे शेतातली माती ट्रॉलीने वर चढवणारा माणूस खालच्या घरातल्यांच्या डोक्यावर संकट ठेवत असतो. दुसरे कारण झिरपणी. तिसरे, ज्याबद्दल कमी बोलले जाते, ते मालकीचे. सोसायटीची गच्ची सर्वांची असते. वरच्या मजल्यावरचा तिला आपली समजतो आणि तळमजल्यावरचा वर्षातून एकदा पतंग उडवायला येतो. गावातही गायरानावरून भांडणे होत, तसे हे.

मातीच्या या अडचणीतून वाट काढली ती महाराष्ट्रातल्याच माणसांनी. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनी तासगावच्या द्राक्ष बागायतदारांबरोबर प्रयोग करत 'प्रयोग परिवार' उभा केला आणि थोड्या जागेत, सेंद्रिय पसाऱ्यातून, सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून पीक काढण्याचा विचार दिला. २००१ साली ते वारले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि अगदी थोडी माती भरलेल्या पिशव्यांत व पिंपांत भाज्या, फळे घेऊन दाखवली. त्याच शहरात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाचे काम पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००० नंतरच्या वर्षांत स्वयंपाकघराचाच ओला कचरा छतावर नेऊन जिरवला. तिथे फळझाडांसकट दाट बाग झाली. या रीतीत कुंडी बरीचशी पाल्याने भरते, म्हणून ती हलकी राहते. पाला कुजून बसतो, पुन्हा भरावा लागतो. कंटाळणाऱ्याचे हे काम नव्हे. खर्च मात्र फारसा येत नाही. रसवंतीवाला चिपाड टाकूनच देत असतो.

हे चिपाड येते कुठून? पुण्याच्या रसवंतीत येणारा ऊस जिल्ह्यातून येतो, आणि पूर्वेकडच्या दौंड-इंदापूरचा पुष्कळ ऊस खडकवासल्याच्या कालव्यावर पोसतो. पानशेतचे पाणी एका वाटेने कालव्यात जाऊन ऊस होते, उसाचे चिपाड गच्चीवर चढते, आणि दुसऱ्या वाटेने तेच पाणी नळातून येऊन त्या चिपाडावर पडते. दोन्ही वाटांवरच्या माणसांचे मात्र एकमेकांशी पटत नाही. शहर आपल्या मंजूर वाट्याहून जास्त पाणी उचलते, ही दौंड-इंदापूरकरांची जुनी तक्रार आहे. पाणी कमी पडलेल्या वर्षी कालव्याचे आवर्तन कधी सोडायचे आणि किती, यावर ओढाताण होते. त्या ओढाताणीत ज्यांचे शिवार धरणाखाली गेले त्या वेल्ह्याच्या माणसांचा आवाज सर्वांत बारीक असतो. धरणाच्या काठावर राहून उन्हाळ्यात हंड्याने पाणी वाहणाऱ्या वाड्या या खोऱ्यांत अजून आहेत. काठाच्या जमिनींवर मात्र शहरातल्यांची फार्महाऊसे आली, आणि वरसगावच्या पाणलोटात तर लवासाचे शहरच उभे राहू लागले. २०१० साली केंद्रीय पर्यावरण खात्याने त्याचे काम थांबवायला लावले आणि त्यावरून बरीच वर्षे वाद झाला. ज्याला फार्महाऊस परवडत नाही तो गच्चीवर खेडे करतो. दोघांत गच्चीवाला आम्हांला जवळचा वाटतो, कारण त्याने कुणाची जमीन घेतलेली नाही. पाण्याचा हिशेब मात्र त्यालाही चुकत नाही.

तो हिशेब सोपा आहे. पुण्याच्या कडक उन्हाळ्यात चौरस मीटरभर हिरवळ दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पिते. पन्नास चौरस मीटरची बाग धरली, म्हणजे साधारण पाचशे चौरस फूट, तर रोजचे अडीचशे ते तीनशे लिटर. शहरात माणशी १३५ लिटरचा दंडक धरतात. म्हणजे ही बाग घरातली दोन जादा माणसे आहे, आणि ती एप्रिल-मे महिन्यांत, धरण तळाला गेलेले असताना जेवायला बसतात. आता दुसरी बाजू. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे सत्तर हजार लिटर होतात. त्यातले निम्मे हाताला लागले तरी वरच्या बागेचे चार महिने निघतात. अडचण साठवणीची. एवढी टाकी गच्चीवर ठेवायची तर पुन्हा वजनाचा प्रश्न, म्हणून ती खाली जमिनीत हवी आणि पाणी पंपाने वर न्यायला हवे. भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी आहेच. आमच्या घरांत वुजूचे पाणीही दिवसातून पाच वेळा सांडते, आणि त्यात साबण नसतो. एखाद्या मशिदीच्या वुजूखान्याचे पाणी अंगणातल्या झाडांना वळवायला एक नळी पुरते. पाण्याची उधळपट्टी आपल्याकडे वाहत्या नदीच्या काठीही नापसंत मानली आहे, हे नमाजी माणसाला वेगळे सांगायला नको.

पुणे महापालिकेने पावसाचे पाणी साठवणाऱ्या, गांडूळखत करणाऱ्या, सौर उष्णता वापरणाऱ्या मिळकतींना करात पाच ते दहा टक्के सवलत ठेवली. पुष्कळ इमारतींत त्या सवलतीपुरता खड्डा झाला आणि पुढे झाकण उघडलेही गेले नाही. कचऱ्याचीही तीच कथा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, विहिरी नासल्या म्हणून गाड्या अडवल्या. पश्चिमेच्या गावांकडून पाणी घ्यायचे आणि पूर्वेच्या गावांना कचरा द्यायचा, हा व्यवहार शहराने कधी कागदावर मांडला नाही. चार माणसांच्या घरचा ओला कचरा एका मध्यम पिंपात महिनाभर जिरतो. त्यात कोरडा पाला आलटून पालटून घातला की वास येत नाही. कोंढव्याच्या चाचांकडे अशी तीन पिंपे आहेत, एक भरायचे, एक मुरायचे, एक वापरायचे. बकरी ईदच्या दिवसांत मात्र त्यात हाड-मांस घालू देत नाहीत, त्याने घुशी येतात. सोसायटीने एका पिंपावर हरकत घेतली होती. यंदा शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी आपला पाला आणून दिला आणि बदल्यात पुदिना नेला, तेव्हापासून हरकतीचा कागद पुढे सरकलेला नाही. चौथे पिंप त्यांना पावसाच्या पाण्यासाठी हवे आहे, आणि ते पन्हळीखाली जूनच्या पहिल्या सरीआधी बसवायचे आहे.